माडावरचा पतंग आणि मलायातील माशी

घराच्या आढ्याला, कोनाड्याच्या कोपऱ्यात किंवा भिंतीवरील तसबिरीमागे ओल्या मातीचे इवलेसे गोळे आणून घर बांधणारी कुंभारीण सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या जातीतील काही माश्या कोठून तरी एखादी हिरवी अळी धरून आणतात, मातीच्या घरट्यात कोंडतात, त्याचे तोंड लिंपून टाकतात आणि निघून जातात. काही दिवसांनी ते लिंपण फोडून जी बाहेर पडते ती अळी नसते. ती असते दुसरी कुंभारीण. या दृश्यातूनच आपल्याकडे कीटभृंगन्याय जन्मास आला. भयाने का होईना, ज्याचा अखंड ध्यास घ्यावा त्याचेच रूप जीवाला प्राप्त होते, असे त्याचे तात्पर्य. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत या कीटकाची गणना आहे. आणि एकनाथांनी १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेतून तो दृष्टान्त मराठी घराघरांत पोहोचला.

तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने दृष्टान्त निर्दोष आहे. निसर्गाच्या दृष्टीने मात्र त्या बंद कोठडीत काही निराळेच घडत असते. कुंभारणीने अळीला दंश करून निश्चेष्ट केलेले असते, ठार मारलेले नसते. त्याच कोठडीत तिने एक अंडे घालून ठेवलेले असते. अंड्यातून निघालेले पिलू ती ताजी शिदोरी खाऊन वाढते. अळीची कुंभारीण होत नाही. अळी कुंभारणीच्या पोटात जाते.

गमतीची गोष्ट अशी की, हाच गैरसमज चीन देशातही तितक्याच भक्तिभावाने जोपासला गेला होता. तेथील प्राचीन गीतसंग्रहात गांधीलमाशी परक्याचे पिलू उचलून नेते असा उल्लेख आहे. त्यावरून ती ते पिलू दत्तक घेते, अशी समजूत रूढ झाली; इतकी की दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव मिळाले. इसवी सन ५०० च्या सुमारास ताओ होंगजिंग नावाच्या विद्वान वैद्याने घरटे नीट पाहून लिहून ठेवले की, माशी स्वतःचे अंडे घालते आणि अळी हे तिच्या पिलाचे अन्न असते. ग्रंथात काय म्हटले आहे हे बाजूस ठेवून घरट्यात काय आहे हे पाहणारा हा मनुष्य खरोखर वंदनीय म्हटला पाहिजे.

युरोपलाही हे कोडे लवकर उलगडले नाही. बोलोन्याचा अल्द्रोवांदी याने १६०२ मध्ये कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. कोबीवरील अळीच्या अंगाशी चिकटलेले पिवळे कोष त्याने पाहिले होते. पण ती अळीची अंडी असावीत असे त्याला वाटले. वस्तुतः ते अळीचे अंग आतून पोखरून बाहेर पडलेल्या सूक्ष्म गांधीलमाश्यांचे कोष होते. इसवी सन १७०० च्या आसपास हॉलंडमध्ये लेव्हेनहूक आणि इटलीत वॅलिस्निएरी यांनी या प्रकाराचा खरा अर्थ लावला. एक कीटक दुसऱ्या कीटकाच्या अंगात अंडे घालतो, त्या अंड्यातील पिलू यजमानाला आतून खात वाढते, आणि त्याची वाढ पुरी होते तेव्हा यजमानाचा शेवट होतो. गोचीड किंवा ऊ यजमानाला जगू देते. वाघ सावजाला क्षणात मारतो. हा कीटक या दोहोंच्या मधला. बालपणी परोपजीवी, आणि परिणामी मारेकरी. फिनलंडच्या रॉयटर या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये अशा कीटकांना ‘पॅरासिटॉइड’ हे स्वतंत्र नाव दिले. मराठी शेतकी लिखाणात मात्र त्यांना नुसतेच परोपजीवी कीटक किंवा मित्रकीटक म्हणण्याची वहिवाट आहे.

या क्रूर व्यवहाराने चार्ल्स डार्विनही अस्वस्थ झाला होता. दयाळू परमेश्वराने अशा माश्या हेतुपुरस्सर निर्माण केल्या असतील हे आपल्या मनाला पटत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने १८६० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिले. त्याचे आजोबा इरॅस्मस डार्विन मात्र अधिक व्यवहारी होते. शेतीवरील १८०० सालच्या आपल्या ग्रंथात, कोबी खाणाऱ्या अळ्यांचा नाश या माश्या करतात, तेव्हा त्यांना उत्तेजन देता येईल काय, असा विचार त्यांनी मांडला होता. आजोबांच्या या सूचनेचे सोने व्हावयास पुढे सव्वाशे वर्षे लागली, आणि ते झाले कोबीच्या वाफ्यात नव्हे. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर, माडांच्या राईत.

फिजीचे नाव भारतीयांना अपरिचित नाही. १८७९ पासून गिरमिटाच्या करारावर हजारो हिंदी मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले होते. पण ऊस हे तेथे बाहेरून आलेल्या भांडवलाचे पीक. बेटांवरच्या मूळच्या लोकांचा खरा आधार माड. खाणे, पिणे, तेल, दोर, चटई, छप्पर, सर्व काही त्या एका झाडाने पुरवावे. गोमंतकात किंवा कोकणपट्टीत राहणाऱ्याला याहून अधिक सांगणे नलगे. शिवाय सुके खोबरे जहाजांवर चढवून रोख पैसा मिळविण्याचे तेच साधन होते. लहान लहान बेटांवर तर दुसरे साधनच नव्हते.

या माडावर १८७७ च्या सुमारास विती लेवू या सर्वांत मोठ्या बेटावर एका लहानशा पतंगाचा उपद्रव जाणवू लागला. लेव्हुआना इरिडेसेन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याला ते १९०६ मध्ये मिळाले, आणि त्याच्या अंगच्या झळाळीचा उल्लेख त्यातच आहे. पतंग दिसावयास देखणा; अपराध सारा त्याच्या अळीचा. ती झावळीच्या पातीखाली राहून तिचा हिरवा भाग खरवडून खाते. एक अळी काय खाणार? परंतु असंख्य अळ्या एकदम लागल्या म्हणजे राईच्या राई करपल्यासारख्या राखी दिसू लागत. वणवा लागून गेल्याचा भास होई. पाने गेली की झाडाचे अन्न थांबते, पोय धरत नाही, नारळ लागत नाही. झाड पुन्हा नवी झावळी काढू लागते तो पतंगाची पुढची पिढी तयारच असे. असे वारंवार झाले म्हणजे माड मरून जाई. विती लेवूवरील खोबऱ्याचा धंदा अशा रीतीने जवळजवळ नामशेष झाला.

कित्येक वर्षे हे संकट त्या एका बेटापुरते राहिले. पतंगाची उडण्याची शक्ती बेताची, आणि मध्ये समुद्र. तथापि जहाजांना समुद्राची अडचण नसते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत तो आसपासच्या बेटांवर दिसू लागला, तेव्हा सरकार आणि मळेवाले दोघेही हादरले. वानुआ लेवू, तावेउनी आणि पूर्वेकडील लाउ द्वीपसमूह हा फिजीच्या खोबऱ्याचा मुख्य प्रदेश. तेथे पतंग पोहोचला तर काय होईल हे विती लेवूकडे पाहून कोणालाही समजत होते. जहाजांवर निर्बंध घातले गेले, फवारे मारून पाहण्यात आले. पण साठ-सत्तर फूट उंच माडाच्या शेंड्यावर, तोही बेटामागून बेट, फवारणार कोण आणि किती वेळा? त्या काळी विमान नाही, आजची औषधे नाहीत. शिशाचे किंवा सोमलाचे विष हीच काय ती सामग्री.

१९२५ मध्ये या मोहिमेची सूत्रे जॉन टॉथिल यांच्याकडे सोपविण्यात आली. कॅनडातील जंगलांवर पडणाऱ्या पतंगांचा आणि त्यांच्या शत्रूंचा अभ्यास करण्यात त्यांची आधीची वर्षे गेली होती. दिसावयास घरमाशीसारख्या, पण अळीच्या अंगावर वाढणाऱ्या टॅकिनिड नावाच्या माश्यांचे ते जाणकार होते. टी. एच. सी. टेलर आणि आर. डब्ल्यू. पेन हे दोन तरुण सहकारी त्यांना मिळाले.

टॉथिल यांचा तर्क सरळ होता. एखादा कीटक आपल्या मूळ देशात सहसा बेफाम वाढत नाही, कारण तेथे त्याचे शत्रूही त्याच्याबरोबर नांदत असतात. फिजीत हा पतंग एका बेटापुरताच होता आणि त्याला शत्रू जवळजवळ नव्हते. त्या अर्थी तो बाहेरून, बहुधा पश्चिमेकडील एखाद्या बेटावरून, आलेला असावा. म्हणून त्याचे माहेर शोधावयाचे आणि तेथून त्याचा वैरी आणावयाचा, हा बेत ठरला. शोध पुष्कळ झाला. माहेर सापडले नाही. फिजीबाहेर कोठेही तो पतंग कोणालाच मिळाला नाही.

येथे सामान्य मनुष्य हात टेकून बसला असता. टॉथिल यांनी निराळा विचार केला. वैरी त्याचाच हवा असे कोठे आहे? त्याच्या भाऊबंदांचा वैरीही चालेल. मलाया आणि जावा येथे माडावरच पडणारा, त्याच कुळातला आर्टोना नावाचा एक पतंग होता. तो अधूनमधून एखाद्या भागात उसळी घेई आणि काही काळाने आपोआप ओसरून जाई. ओसरण्याचे कारण त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक. त्यांतील एक टॅकिनिड माशी टॉथिल यांच्या नजरेत भरली. तिला त्या वेळी टायकोमाया रिमोटा म्हणत; आज ती बेसा रिमोटा या नावाने ओळखली जाते.

अडचण एकच, पण भलतीच मोठी होती. हवा तेव्हा आर्टोना मिळत नाही. त्याची उसळी यावी लागते. टेलर मलायात असताना पेराक संस्थानातील बातू गाजा येथे ती आली. पण माशीचे आयुष्य थोडे आणि फिजीचा प्रवास तीन आठवड्यांहून लांबचा. माश्या डब्यात भरून पाठवाव्यात तर वाटेतच मरणार. तेव्हा कीटकांची सबंध सृष्टीच जहाजावर चढविण्यात आली. माडाची लहान रोपे, त्यांच्यावर हजारो आर्टोना अळ्या, आणि त्या अळ्यांच्या अंगात माशीची पिले, असे मोठाले पिंजरे भरले. समुद्रावर असतानाच जुन्या माश्या मराव्यात, नव्या जन्माव्यात, त्यांनी शिल्लक अळ्यांवर अंडी घालावीत आणि वंश पुढे चालावा, अशी ही योजना होती. खाऱ्या वाऱ्यात रोपे जगविणे, अळ्यांना पाला पुरविणे आणि पिंजऱ्यातून कोणी सुटणार नाही हे पाहणे, ही कामे काही साधी नव्हेत. नोहाच्या तारवाची आठवण व्हावी असाच तो प्रवास होता. फरक एवढाच की या तारवात एकाचे जगणे दुसऱ्याच्या मरणावर अवलंबून होते.

ऑगस्ट १९२५ मध्ये सुमारे ३०० माश्या फिजीत जिवंत उतरल्या. आता सारा प्रश्न त्यांच्या आवडीनिवडीचा होता. आर्टोनाची सवय असलेली माशी लेव्हुआनाच्या अळीला शिवेल काय? तिने शिवले. अळीच्या कातडीवर ती आपले अंडे चिकटवी. त्यातून निघालेली सूक्ष्म कृमी आत शिरे आणि अळीला आतून संपवून टाकी. प्रयोगशाळेत पिढीमागून पिढी वाढविण्यात आली, आणि सहा महिन्यांच्या आत ३२,००० हून अधिक माश्या माडांच्या राईंत सोडून झाल्या. या कामी एक दक्षता अत्यावश्यक असते. परोपजीवी कीटकांवर जगणारेही दुसरे परोपजीवी कीटक असतात. चोरावर मोर म्हणतात तसे. त्यांतला एखादा नकळत बरोबर आला तर साराच खेळ फसतो.

१९२६ उजाडले तेव्हा फरक डोळ्यांना दिसू लागला होता. जेथे माशी स्थिरावली तेथे अळ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. करपलेल्या शेंड्यांतून हिरव्या झावळ्या निघाल्या, आणि विती लेवूवर एका पिढीने जे पाहिलेच नव्हते ते पुन्हा घडले. माडांना नारळ लागले. वानुआ लेवू, तावेउनी आणि लाउ बेटे बचावली. टॉथिल, टेलर आणि पेन यांनी १९३० मध्ये या मोहिमेचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कीटकांकरवी कीटकांचा बंदोबस्त करण्याच्या शास्त्रात तो आजही आदराने चाळला जातो. टॉथिल पुढे आफ्रिकेत गेले आणि युगांडा व सुदान येथील शेतीवरील मोठ्या ग्रंथांचे संपादक म्हणून त्यांचे नाव झाले.

गोष्ट येथे संपली असती तर ती निर्भेळ विजयाची ठरली असती. पण पतंग केवळ आटोक्यात आला नाही. तो दिसेनासा झाला. शास्त्राचा सर्वसाधारण नियम असा की, परोपजीवी कीटक आपल्या यजमानाला समूळ नष्ट करीत नाही. यजमान विरळ झाला की खाणाराही उपाशी पडतो, त्याची संख्या घटते, आणि यजमान पुन्हा थोडी मान वर काढतो. हा झोपाळा चालू राहतो. फिजीत झोपाळा थांबला, कारण नव्या माशीचा संसार एका लेव्हुआनावर अवलंबून नव्हता. तेथील इतर पतंगांच्या अळ्यांवरही तिचे भागत असे. म्हणून लेव्हुआना दुर्मीळ झाला तरी माशी उपाशी पडली नाही, आणि उरलेल्या थोड्या अळ्याही तिच्या दृष्टीस पडत राहिल्या. १९२९ नंतर तो पतंग क्वचितच आढळला. पुढील दोन-अडीच दशकांत त्याचे तुरळक उल्लेख झाले, आणि मग तेही थांबले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत तो लुप्त जातींमध्ये नोंदलेला आहे. फिजीतील दुसरा एक पतंग, हेटेरोपॅन डोलेन्स, याच्या नाहीशा होण्याचा संशयही त्याच माशीवर घेतला जातो.

१९२५ साली याचे दुःख कोणाला वाटले असण्याचा संभव नव्हता. जो मनुष्य डोळ्यांदेखत आपले माड मरताना पाहतो, त्याने पतंगाच्या वंशाची चिंता करावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. परंतु काळ बदलला, तशी या यशाची फेरतपासणी सुरू झाली. १९९१ मध्ये हवाईतील हॉवर्थ या कीटकशास्त्रज्ञाने, परदेशी परोपजीवी कीटक आणण्याच्या पद्धतीवर कठोर टीका करताना, फिजीचे उदाहरण पुढे मांडले. लेव्हुआना फिजीचाच असेल, तर पृथ्वीवरील एक जात मनुष्याने जाणूनबुजून पुसून टाकली असा त्याचा अर्थ होतो. याच्या उलट २००३ मध्ये कुरिस या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे पुन्हा चाळून असे प्रतिपादन केले की, तो पतंग बाहेरून आला असण्याचाच संभव अधिक, आणि तो पूर्णतः नष्ट झाला हे गृहीत धरण्यासही पुरावा अपुरा आहे. दोन्ही पक्षांत वजन आहे. मात्र ज्यांनी माशी आणली त्यांना निष्काळजी ठरविणे योग्य होणार नाही. त्यांच्यापुढे एक सबंध लोकसमाज उपजीविकेला मुकण्याच्या बेतात उभा होता, आणि हाताशी दुसरा इलाज नव्हता.

खरा निष्काळजीपणा पाहावयाचा तर तो अमेरिकेत. तेथे १८६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये एका हौशी गृहस्थाकडून जिप्सी पतंग निसटला आणि त्याने जंगलेच्या जंगले ओकीबोकी केली. त्याच्या बंदोबस्तासाठी युरोपातून एकामागून एक परोपजीवी कीटक आणले गेले. त्यांपैकी १९०६ मध्ये आणलेली कॉम्प्सिल्युरा माशी शंभराहून अधिक जातींच्या अळ्यांवर जगते. जिप्सी पतंग तिने संपविला नाही. पण ईशान्य अमेरिकेतील मोठाल्या, देखण्या रेशीमपतंगांना मात्र तिने फार मोठी हानी पोहोचविली, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. आज बाहेरचा कीटक आणण्यापूर्वी, तो आणखी कोणाकोणाच्या अंगावर बसतो याची बंदिस्त जागेत कसून तपासणी केली जाते. त्या कडकपणाच्या मुळाशी हेच अनुभव आहेत.

भारतात या शास्त्राने बहुतांशी दुसरी वाट धरली. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र १९५७ मध्ये बंगळूर येथे सुरू झाले, आणि या विषयातील राष्ट्रीय कार्यही पुढे त्याच नगरीत वाढले. परदेशातून शत्रू आणण्याबरोबरच येथे आढळणारे शत्रूच मोठ्या संख्येने वाढवून शेतात सोडण्यावर भर राहिला. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीची भावकी, पण आकाराने टाचणीच्या डोक्याहूनही लहान. ती पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. त्यामुळे पिकाला तोंड लावणारी अळी जन्मालाच येत नाही. धान्यातील एका पतंगाची अंडी कागदाच्या पट्टीवर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा वाढवितात, आणि त्या पट्ट्या उसाच्या पानांना अडकविल्या की खोडकिड्याचा बंदोबस्त होऊ लागतो. दख्खनच्या पठारावरील ऊसवाल्याला हे ‘ट्रायकोकार्ड’ आता नवलाचे राहिलेले नाही.

माडाचे म्हणावे तर पश्चिम किनाऱ्यावर लेव्हुआना कधी नव्हता. पण येथे काळ्या डोक्याची अळी आहे. ओपिसिना नावाच्या पतंगाची ही अळी झावळीच्या पातीखाली रेशमाच्या व विष्ठेच्या कणांच्या नळ्या करून राहते आणि हिरवा भाग खरवडते. दुरून पाहिले तर झाड तसेच भाजल्यासारखे दिसते. तिच्यावर गोनिओझस ही लहानशी काळी माशी सोडतात. ती अळीला दंश करून लुळी पाडते, तिच्या अंगावर अंडी घालते, आणि कित्येकदा पिले मोठी होईपर्यंत तेथेच राखण करीत बसते. कीटकांच्या जगात हे मातृवात्सल्य विरळाच. ही माशी मूळचीच येथली असल्याने फिजीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तिला फक्त योग्य वेळी, अळी योग्य वयाची असताना, पुरेशा संख्येने झाडावर पोहोचवावे लागते. आणि एकदा ती सोडल्यावर त्याच माडावर विषारी औषध फवारण्याचा मोह आवरावा लागतो, कारण औषधाला अळी आणि माशी यांतील भेद कळत नाही.

फिजीत बेसा रिमोटा अजून नांदते आहे. ज्या पतंगासाठी तिला समुद्र ओलांडून आणले, त्याच्यावाचून तिचे काही अडले नाही. तेथील दुसऱ्या पतंगांच्या अळ्यांवर तिची पिले आजही वाढतात.